एका बोंडल्यात दोन तोंडं

हल्ली जुनी चांदी विकणाऱ्यांच्या काचेच्या कपाटात कधीमधी बोंडलं दिसतं आणि बघणारे त्याला वाटेल ते समजतात. कुणी पणती म्हणतं, कुणी अत्तराचं भांडं म्हणतं. एका बाईंनी तर ते हातात धरून, यात खडीसाखर ठेवायची का हो, असं विचारलं. आता लिंबाएवढं पोट आणि त्याला पुढे काढलेली लांब चोच, हे खडीसाखरेसाठी कोण घडवील? ज्याला स्वतःच्या तोंडानं ओढून पिता येत नाही, त्याच्या घशात घोटभर उतरवण्यासाठी ते असतं. तान्ह्याला त्यातून पाजायचं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही पाजायचं. शेजारच्या तेलुगू घरात त्यालाच उग्गुगिन्ने म्हणतात. पण नुसतं भांडं असून भागत नाही, ते धरणारा हात लागतो. आणि त्या काळी हैदराबादेत नारायणगुड्यापासून काचीगुड्यापर्यंतच्या मराठी घरांत तो हात चतुराबाईचा होता.

चतुराबाई मूळची वसमतकडची, कुणब्याच्या घरातली. दोन लेकरं झाली, दोन्ही सहा महिन्यांच्या आत गेली, आणि त्यांच्या पाठोपाठ नवराही गेला. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून ती भावाकडे हैदराबादेत आली. भाऊ रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचा, अंबरपेठेत एका खोलीत राहायचा. नुसतं बसून त्याच्या ताटात वाटा मागायचा नाही म्हणून ही बाळंतिणीचं करायला घरोघरी जाऊ लागली. पहिलंच घर मिळालं ते एकनाथराव तहसीलदारांचं. त्यांची नात जन्मली ती मुठीएवढी, आणि ती जगली ती चतुराबाईच्या मांडीवर. बारशाच्या दिवशी एकनाथरावांच्या कुटुंबानं सगळ्यांच्या देखत घरचं चांदीचं बोंडलं तिच्या ओटीत घातलं. विधवेची ओटी भरायची नसते, हे तिथल्या चार बायकांनी एकमेकींच्या कानात सांगून घेतलं. सांगोत बापड्या. ज्या शहरानं आपल्या रिकाम्या हातांना काम दिलं, त्याचं चतुराबाईला आयुष्यभर अप्रूप वाटलं.

तिचं पाजणं बघायला शेजारच्या बायका दाराशी येऊन उभ्या राहायच्या. पाय लांब करून लेकरू त्यावर घ्यायचं, डोकं जरा उंच. बोंडल्याची चोच खालच्या ओठाला नुसती टेकवायची. ओतायचं नाही. लेकरानं ओठ हलवला की थेंब सोडायचा, आणि मग डाव्या हाताची दोन बोटं गळ्याशी ठेवून थांबायचं. आत घोट उतरल्याचं बोटांना कळलं की दुसरा थेंब. घाई केली की दूध छातीत जातं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःची दोन गेली तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना कसं आडवं घालून, नाक दाबून पाजलं होतं, ते तिनं बघितलं होतं. तिथून ती शिकली. आम्ही काय बोळ्यानं दूध पितो, असं तोऱ्यात विचारणारी कॉलेजातली किती तरी तरणी पोरं तिच्या पायांवर बोंडल्यानं प्यालेली होती, आणि ती समोर आली की तो तोरा बरोबर उतरायचा.

बोंडलं ती कुणाच्या हाती देत नसे. मांजरपाटाच्या पांढऱ्या पिशवीत घालून कमरेला खोचलेलं असायचं. आणि एक नेम ती कसोशीनं पाळायची, कारण सगळीच घरं तो पाळायची. आजाऱ्याच्या तोंडचं बोंडलं तान्ह्याच्या तोंडी लावायचं नाही. म्हाताऱ्याचं, पक्षाघात झालेल्याचं काम उरकलं, की ती आधी सोनाराकडे जायची, बोंडलं विस्तवातून काढून घ्यायची, घरच्या चुलीचा विस्तव त्याला चालत नसे, आणि मगच पुढच्या बाळंतिणीच्या घरी पाऊल टाकायची. जाणारा माणूस त्याच भांड्यातून येणाऱ्याला ओढून नेतो, असं बायका म्हणायच्या. खरंखोटं कोण तपासायला जातंय? जिथं जिवाशी गाठ असते तिथं माणूस नेम मोडून बघत नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या श्रावणात तिला नारायणगुड्याहून मुकुंदराव वकिलांचं बोलावणं आलं. त्यांची सून विमल पहिलटकरीण. माहेर औरंगाबादचं, पण ते दिवस असे की मोंढ्यापर्यंत जायलाही माणूस दहादा विचार करी, तिथं औरंगाबादची गोष्ट कोण काढणार? रझाकारांच्या बातम्यांनी घरंच्या घरं दाराला कडी घालून बसलेली होती. चैत्रातच निम्म्या गल्लीची चांदी राज्याबाहेर गेली होती. मुकुंदरावांकडची ट्रंकही त्यांचे मेहुणे हणमंतराव सोलापूरला घेऊन गेले होते. देवाची भांडीसुद्धा पितळेची झाली होती, आणि त्या वर्षीचा दीड दिवसाचा गणपती लोकांनी दार लावून बसवला आणि घरच्याच विहिरीत बुडवला.

घरात मुकुंदराव बोलायचे मोठ्यानं, पण हुकूम चालायचा तो अंबक्कांचा. अंबक्का म्हणजे त्यांचं कुटुंब. सोवळ्याला अशा कडक, की त्यांच्या स्वयंपाकघरात माशीनंसुद्धा आंघोळ करून यावं. चतुराबाईला तिकडे जायची मुभा नव्हती आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. बाळंतिणीची खोली आणि आजाऱ्याची खोली सोवळ्याच्या बाहेर, आणि तेवढ्या दोन खोल्यांत तिचं राज्य. मुलगा श्रीनिवास मराठी शाळेत मास्तर. स्वभावानं गरीब, बोलायला गोड.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी हा श्रीनिवास शाळेतून परत येताना कुणाच्या तरी लाठ्यांखाली सापडला. कोण होते, कशासाठी मारलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघा टांगेवाल्यांनी उचलून घरी आणला. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरसाहेब जुने, मुकुंदरावांचे स्नेही. अशा दिवसांत, बाहेर पडू नये अशा वेळी आले, वरचे-खालचे दात तारांनी बांधून टाकले आणि चतुराबाईच्या कमरेच्या पिशवीकडे बघून म्हणाले, "ये अच्छा है तुम्हारे पास. छे हफ्ते मुँह नै खुलता, अम्मा. गाल और दाँतों के बीच में से डालो, पतली चीज. जल्दी नक्को."

त्याच संध्याकाळी तिनं त्याला बोंडल्यानं मुगाचं कढण पाजलं. चोच गालाच्या आत सरकवायची आणि मागच्या दातांच्या फटीतून एकेक घोट सोडायचा. चमच्यानं हे होत नव्हतं, चमच्यातलं सगळं हनुवटीवरून ओघळायचं. वाटीएवढं पाजायला पाऊण तास लागला. संपल्यावर त्यानं पाटी मागून घेतली आणि तिच्यावर काहीतरी लिहिलं. चतुराबाईला अक्षरओळख नव्हती. विमलनं वाचून दाखवलं, "चतुराबाई, उपकार झाले."

विमलनं नवऱ्याला त्या अवस्थेत आणलेलं बघितलं होतं. रविवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं, आठवा महिना नुकता लागलेला, आणि दुपारी मुलगी झाली. वीतभर पोर. रडली तीसुद्धा कुणाला त्रास नको अशा बेतानं. चतुराबाईनं तिला कापसात गुंडाळलं, विमलच्या अंगावरचं दूध वाटीत काढलं आणि सवयीनं कमरेला हात घातला.

"थांब," अंबक्का उंबऱ्यापलीकडून म्हणाल्या. "ते नक्को लावू तिला. श्रीनूच्या तोंडचं आहे ते."

चतुराबाईचा हात तिथंच राहिला. तिला नेम सांगायची गरज नव्हती, तेवीस वर्षं तिनंच तो पाळला होता. "सोनाराकडून काढून आणते, आक्का."

"कोण सोनार बसलाय दुकान उघडून?"

खरंच होतं. बाजार दोन दिवस बंद होता. मग कापसाचा बोळा करून बघितला. पोर दोनदा ओढायची आणि थकून झोपी जायची. पळी लावली तर दूध तोंडाबाहेर. संध्याकाळपर्यंत पोटात गेलं असेल नसेल ते चार-सहा थेंब. सोमवारी सकाळी तिच्या ओठांचा रंग बदलायला लागला, आणि वर आकाशात विमानांची घरघर सुरू झाली. हिंदुस्थानची फौज निघाली, असं भगवंतरावांच्या रेडिओवरून कळलं. भगवंतराव म्हणजे शेजारचे. गल्लीत रेडिओ त्यांच्याकडेच. सगळी गल्ली त्यांच्या माजघरात जमली. या घरात मात्र कुणाचं लक्ष दिल्लीकडे नव्हतं.

चतुराबाई श्रीनिवासला पाजायला गेली तर त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. पाटीवर दोनच शब्द लिहिले आणि पाटी छातीवर उभी धरली. या खेपेला मुकुंदरावांनी वाचलं. "बाळाला द्या." तिनं गालाला हात लावला तर त्यानं तो दूर केला. तापानं अंग कढत होतं, बाळंतपणाच्या धांदलीत कालपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि हा शहाणा बोंडलं सोडून देऊन बसला. आपण तोंड लावणं सोडलं तर ते घासूनउकळून मुलीला देतील, असा त्याचा हिशेब होता. एकदा मुलीचं झालं की आपल्याला पुन्हा ते मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं, कारण आईचा नेम त्यालाही ठाऊक होता. मुकुंदरावांनी समजावलं, मग ओरडले, मग खाली बसून रडले. पाटी हलली नाही.

अंबक्का मधल्या दारात उभ्या होत्या. इकडे मुलगा, तिकडे नात. त्या म्हणाल्या, "श्रीनूला पाज. हात बांधावे लागले तरी बांध. मूल पुन्हा होईल." डोळे कोरडे होते आणि आवाज अगदी रोजचा, भाजी निवडायला सांगावी तसा. आत विमलनं ते ऐकलं. तिनं फक्त लेकीला पदराखाली घेतलं आणि डोळे मिटले.

चतुराबाईला ते मिटलेले डोळे सोसले नाहीत. तिनं आयुष्यात फार खोटं बोललेलं नव्हतं, त्यामुळे जे बोलली ते एकदम आणि मोठ्यानं बोलली. "आक्का, येवढं कशापायी? दोन हायती की माझ्यापाशी! दुसरं अंबरपेठंला पेटीत हाय. कोरं हाय, अजून कुणाच्या तोंडाला लागलं न्हाई. आत्ता घेऊन येते."

अंबक्कांनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. "मग कालपासून काय बघत बसली होतीस?"

"ध्यानातच न्हाई राहिलं. म्या हाय ही अशी."

आता खोटं बोलायचं म्हटलं की पायपीटही करावी लागते. ती कमरेचं बोंडलं घेऊनच निघाली, माझी वस्तू मी मागं ठेवत नाही हे तिचं सगळ्यांना माहीत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, एक कुत्रं तेवढं तिच्यामागून थोडं चाललं आणि तेही कंटाळून परतलं. अंबरपेठेच्या खोलीत तिनं पेटी उघडली, लाल खणाचा एक तुकडा काढला, चार टाके घालून पिशवी केली. मग बोंडलं चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, पाण्यात खळखळा उकळलं, चुलीतल्या निखाऱ्यांवर तिला सोसेल तितका वेळ धरलं, आणि लाल पिशवीत घातलं. रिकामी पांढरी पिशवी शेजारी खोचली. निघताना भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बघून म्हणाली, "देवा, लेकराचं काय व्हायचं असंल ते माझ्या वाट्याला घाल. माझी दोन तू आधीच नेलीस, तवा आता हिशेब करत बसू नको."

घरी आल्यावर तिनं लाल पिशवी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मग पोरीच्या ओठाला चोच टेकवली. एक थेंब. गळ्याशी ठेवलेल्या बोटांना बराच वेळ काही कळलं नाही, आणि मग घोट उतरला. विमलनं डोळे उघडले. पाऊण शिंपलाभर दूध जायला दुपार झाली, पण गेलं. मग मागच्या अंगणात जाऊन पुन्हा राख, पुन्हा चिंच, पुन्हा उकळतं पाणी, आणि बोंडलं पांढऱ्या पिशवीत घालून ती श्रीनिवासच्या खोलीत गेली. लाल पिशवीतून पोर प्याली, हे ऐकल्यावरच त्यानं गाल मोकळा सोडला.

असं सुरू झालं. लाल पिशवी बाळाची, पांढरी आजाऱ्याची. दिवसातून पंधरा-वीस वेळा एकच बोंडलं एका पिशवीतून निघून दुसऱ्या पिशवीत जायचं, आणि मधे मागच्या अंगणात त्याची आंघोळ व्हायची. चतुराबाईचे हात राखेनं फाटले. दर खेपेला पोरीला पाजल्यावर ती तिचा श्वास ऐकत बसायची, कारण नेमावर तिचाही विश्वास होता. तो विश्वास सुटला नव्हता, तिनं नुसता नेम मोडला होता. पोर शिंकली तरी ती दचकायची.

तिसऱ्या दिवसापासून एक सोय झाली. मागच्या चुलीवर सकाळपासून पाण्याचं पातेलं उकळत असायचं, आणि शेजारी वाटीत भिजवलेली चिंच आणि चाळलेली बारीक राख. अंबक्का आल्यागेल्याला सांगायच्या, "श्रीनूला शेकायला पाणी ठेवलंय, कुणी हलवू नक्को." श्रीनिवासला शेकायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी शेकतही नव्हतं. चतुराबाईला वाटलं, आपलं नशीब चांगलं. तिनं फार विचार केला नाही. विचार करायला उसंत होती कुठं?

शुक्रवारी संध्याकाळी भगवंतरावांच्या घरातून एकच गलका उठला. निजामानं लढाई थांबवली, शरणागती दिली, आता आपणही हिंदुस्थानात. पाच दिवस बंद असलेली दारं धडाधड उघडली. कुणी गुलाल काढला, कुणी रडत होतं, आणि दोन घरं टाकून राहणारे, निजामाच्या कचेरीतले पेशकारसाहेब आपलं दार लावून आत बसले, त्यांना काय होईल ते कळत नव्हतं म्हणून. मुकुंदराव धापा टाकत घरात आले. श्रीनिवासच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी ती बातमी सांगितली, तो बांधलेल्या दातांनी हसायचा प्रयत्न करू लागला, आणि म्हाताऱ्याला उमाळा आला.

"चतुराबाई!" त्यांनी तिथूनच हाक मारली. "आज मी माझ्या हातानं पाजणार याला. केशर घातलेलं दूध पाजणार. ते पांढऱ्या पिशवीतलं बोंडलं आण बघू."

चतुराबाई बाळंतिणीच्या खोलीत होती. बोंडलं पोरीच्या ओठाला लागलेलं होतं. पोर अर्ध्यावर आली होती, आता काढलं तर पुन्हा घेणार नव्हती. कमरेला दोन्ही पिशव्या रिकाम्या. मुकुंदरावांची पावलं व्हरांड्यातून जवळ येऊ लागली. एवढ्यात मधल्या दारातून अंबक्कांचा आवाज आला, अगदी रोजचा.

"इकडे कुठं येताय? ते मी आत्ताच उकळत्या पाण्यात टाकलंय. हात पोळून घ्यायचाय का? आधी गल्लीत साखर वाटून या, मग पाजा."

मुकुंदराव चाळीस वर्षं ऐकत आले होते, तसेच आताही ऐकून बाहेर वळले. अंबक्का उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. चतुराबाईनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. पातेलं, चिंच, चाळलेली राख.

"सावकाश पाज," अंबक्का म्हणाल्या. "घाई नक्को."

पोर पिऊन झोपेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग त्यांनी हात पुढे केला. बाळंतिणीच्या खोलीतली वस्तू, आणि ती घ्यायला पुढे आलेला अंबक्कांचा हात! चतुराबाईनं तेवीस वर्षांत कुणाच्या हाती दिलं नव्हतं ते बोंडलं त्यांच्या हातावर ठेवलं. अंबक्का मागच्या अंगणात गेल्या, स्वतः खाली बसून ते घासलं, उकळलं, निखाऱ्यावर धरलं, आणि मुकुंदरावांच्या हाती नेऊन दिलं. त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं मुलाला पाजलं ते निम्मं उशीवर सांडलं. सांडेना का, त्याला आनंद झाला होता.

त्या दोघी मात्र याबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. पातेलं रोज उकळत राहिलं. तेविसाव्या दिवशी पोरीनं आईच्या छातीशी तोंड लावून स्वतःच्या बळानं ओढून घेतलं, आणि लाल पिशवीचं काम संपलं. दसरा झाल्यावर डॉक्टरसाहेबांनी तारा काढल्या. श्रीनिवासचा पहिला शब्द 'आई' असेल की 'विमल', यावर घरात वाद चालला होता. तो म्हणाला, "मिरची." सहा आठवडे बेचव पेज पिऊन माणूस दुसरं काय म्हणणार?

पोरीचं नाव वासंती ठेवलं. नाव अंबक्कांनी सुचवलं, आणि त्यांनी सुचवल्यावर चर्चा व्हायचा प्रश्नच नव्हता.

दिवाळीनंतर हणमंतराव सोलापूरहून ट्रंक घेऊन आले. चतुराबाईचं या घरातलं काम आता उरलं नव्हतं. कापडाचं बोचकं बांधून ती निरोप घ्यायला मागच्या अंगणात आली, तेव्हा अंबक्का ट्रंकेतली चांदी बाहेर काढून उन्हात मांडत बसल्या होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. चतुराबाई अंतर राखून बसली. "जवळ बस."

थोडा वेळ त्यांनी एक तबक पुसलं. मग म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी कळलं मला. बोंडली दोन असती तर एक पाजताना दुसरं विसळायला पडलेलं कधीतरी दिसलंच असतं की. घरात भांडी मी मोजते, चतुरा."

"आक्का, म्या खोटं..."

"मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. म्हणून बरं झालं, विचारलं नाहीस." त्यांनी तबक खाली ठेवलं. "तेवीस दिवस मी एका वेळी जेवले. एक हातचा जाईल की दोन्ही, मला ठरवता येईना. तू ठरवलंस, आणि मी पाणी उकळत राहिले. माझ्यानं तेवढंच झालं."

ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. अंबक्कांनी ते सोडवलं. आत बोंडलं होतं, जाड पत्र्याचं, काळं पडलेलं. कितीतरी वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता.

"हे घे. आता खरंच दोन झाली. माझ्या घरात खोटं राहिलेलं मला चालत नाही."

चतुराबाईनं हात पुढे केला नाही. एवढी जड वस्तू, घरची, कुळाची. "नक्को आक्का. वासंतीला ऱ्हाऊ द्या."

"ऐक आधी." अंबक्का ते फडकं हातात चुरगळत होत्या. "श्रीनूच्या पाठीवर मला एक मुलगा झाला होता. वसंत. तीन महिन्यांचा होता, तेव्हा सासूबाईंना पक्षाघात झाला. घरात बोंडलं हे एकच. मी दोघांनाही यातूनच पाजायची. सासूबाई गेल्या, आणि आठव्या दिवशी वसंत गेला. सगळ्या बायका म्हणाल्या, एका भांड्यात दोन तोंडं घातलीस, दुसरं काय होणार? मीही तेच म्हणत आले. बावीस वर्षं, रोज. मनातलं हे ह्यांना कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही."

त्यांचा आवाज प्रथमच रोजचा राहिला नव्हता. अंगणात विमलनं वाळत घातलेली दुपटी हलत होती आणि आतून वासंतीचं रडणं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत, साऱ्या गल्लीला त्रास होईल असं.

"तेवीस दिवस ही पोर बापाच्या तोंडच्या भांड्यातून प्याली," अंबक्का म्हणाल्या. "आणि ऐक कशी ओरडतीये. मग तू सांग मला. तू एवढी लेकरं पाजलीस, तुला कळतं. माझ्या वसंतला मी नाही ना मारलं?"

चतुराबाईनं आजवर या घरात अंबक्कांना शिवायचं टाळलं होतं. आता तिनं त्यांचा हात आपल्या राखेनं फाटलेल्या दोन्ही हातांत घेतला.

"न्हाई आक्का," ती म्हणाली. "तुमी तर त्याला पाजत व्हता."